‘एंटर द मॅट्रिक्स’ : निवडीच्या तत्त्वज्ञानाचा निवडशून्य खेळ

चित्रपटावर आधारित व्हिडिओ गेम बहुधा मूळ कृतीच्या लोकप्रियतेवर विसंबून असतात. त्यामुळे त्यांच्याकडून कलात्मक अपेक्षा क्वचितच ठेवली जाते. ‘एंटर द मॅट्रिक्स’चे स्थान याबाबतीत वेगळे होते. शायनी एंटरटेनमेंटने तयार केलेला हा गेम मे २००३ मध्ये ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ या चित्रपटाबरोबरच बाजारात आला. चित्रपटाच्या दिग्दर्शक लाना व लिली वाचोव्स्की यांनीच त्याची कथा लिहिली आणि खास त्यासाठी सुमारे एक तासाचे चित्रीकरणही केले. इतक्या साधनसंपन्न प्रयत्नाचे अपयश म्हणूनच अभ्यसनीय ठरते.

खेळाडूस येथे निओची भूमिका मिळत नाही. नायोबी आणि घोस्ट या दुय्यम पात्रांपैकी एकाची निवड करावी लागते. हा निर्णय मुळात दोषास्पद नाही. हेन्री जेन्किन्स यांनी ‘कन्व्हर्जन्स कल्चर’ (२००६) या ग्रंथात अनेक माध्यमांतून विस्तारणाऱ्या कथनाचे उदाहरण म्हणून मॅट्रिक्सचाच विचार केला आहे. अशा कथनातील प्रत्येक कृती स्वतंत्रपणेही आस्वाद्य असावी, ही त्यांची अपेक्षा. नेमक्या याच कसोटीवर हा गेम उणा पडतो. टपाल कार्यालयातून ‘ओसायरिस’ जहाजाचा संदेश मिळवणे किंवा वीजकेंद्र उद्ध्वस्त करणे हे प्रसंग चित्रपटातील रिकाम्या जागा भरतात. चित्रपट न पाहिलेल्यास त्यांचे महत्त्व उमगत नाही. पाहिलेल्यास त्यांचा परिणाम आधीच ठाऊक असतो.

याहून गंभीर विसंगती आशयाच्या पातळीवर आहे. निवड खरी की पूर्वनियोजित, हा या चित्रपटमालिकेचा गाभ्याचा प्रश्न. खेळाडूच्या कृतीवर उभे असलेले गेमचे माध्यम तो प्रश्न चित्रपटापेक्षाही थेटपणे विचारू शकले असते. प्रत्यक्षात खेळाडू आखलेल्या मार्गिकांतून धावतो, शत्रूंना नमवतो आणि पुढील चित्रित प्रसंगाची वाट पाहतो. पात्राच्या निवडीने मोटारीच्या पाठलागात नायोबी वाहन चालवते, तर घोस्ट गोळीबार करतो, असा फरक पडतो. कथेची दिशा मात्र बदलत नाही. काळ मंदावणारी ‘फोकस’ ही सोय आकर्षक असली, तरी ‘मॅक्स पेन’ने (२००१) ते तंत्र आधीच रूढ केले होते.

अपवाद ‘हॅकिंग’ या विभागाचा. तेथे खेळाडू कोऱ्या पडद्यावर आज्ञा टंकित करून गेमच्याच व्यवस्थेत शिरकाव करतो. मॅट्रिक्सची मूळ कल्पना येथे सांगितली जात नाही, ती अनुभवास येते. हा विभाग मुख्य खेळापासून अलग ठेवला गेला, यातच निर्मात्यांची मर्यादा स्पष्ट होते.

सारांश, मूळ लेखकांचा सहभाग आणि विपुल चित्रीकरण एवढ्याने माध्यमांतर सिद्ध होत नाही. आशयाला नव्या माध्यमाच्या स्वभावात रुजवावे लागते. अन्यथा कृती पुरवणीच राहते.