जात चोरणारी मित्रयादी

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. १९६३ साली त्याच नावाचा संग्रह आला, तेव्हापासून तिच्यातील विद्रोह, नकार आणि भाषेचा दाह यांची चर्चा होत आली; मीही वर्गात तेच शिकवत आलो. परंतु गेल्या एप्रिलमध्ये मोहर्लीच्या एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला आणि ही कथा मला वेगळी दिसू लागली. कोणाशी जवळीक करावी, आणि ती कोणत्या अटीवर, हा तिचा मूळ प्रश्न आहे असे मला आता वाटते.

चंद्रपूरहून पद्मापूर, आगरझरीवरून मोहर्ली तासाभराच्या वाटेवर. ताडोबाच्या जंगलाचे मोठे प्रवेशद्वार तेथे आहे. वाघ पाहायला मुंबई-पुण्याची, परप्रांतातली माणसे येतात. गावची पोरे गाईड होतात, जिप्सी चालवतात. हा विद्यार्थी गाईडचे काम करून बी.ए. करतो. सफारी संपली की पर्यटक त्याचा नंबर घेतात, फेसबुकवर मैत्रीची विनंती धाडतात. पुढल्या खेपेला खोलीची, जिप्सीची चौकशी त्याच्याकडेच करतात आणि त्यातून त्याला दोन पैसे सुटतात. त्याच्या यादीत हजारावर ‘मित्र’ आहेत.

तो म्हणाला, “सर, चौदा एप्रिलचा फोटो स्टेटसला टाकू का? सीझन आहे जी.”

एप्रिल-मे म्हणजे पाणवठ्यावर वाघ दिसण्याचे दिवस, वर्षाच्या कमाईचे दिवस. जयंती नेमकी त्यातच येते. मागल्या वर्षी काढलेली तोडही त्याने सांगितली. स्टेटस कोणाला दिसावे हे फोनवर ठरवता येते. पर्यटकांचे नंबर त्याने एकेक करून वगळले होते. वस्तीला मिरवणूक दिसली, पुण्याच्या साहेबांना वाघ दिसला. फेसबुकवरचे आडनाव तर त्याने केव्हाच गाळले होते. तेथे आता ‘ताडोबा’ आहे.

वाचकांनी हसू नये. बागुलांचा नायक परगावी रेल्वेत नोकरीला जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. मोहर्लीचा पोरगा गिऱ्हाईक टिकावे म्हणून सांगत नाही. साठ वर्षांनंतर चोरीची पद्धत तेवढी बदलली. आणि त्याला शिकवणारा मी? प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटात आरक्षणावरचा विनोद येतो, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. मी फोन उलटा करून ठेवतो. कोणी मला विचारलेले नसते. मी सांगितलेलेही नसते. घरात पहिला पदवीधर झालो तो अशा गटात गप्प बसण्यासाठी का, हा प्रश्न रात्री पडतो, सकाळी ‘शुभ प्रभात’ला उत्तर देताना विसरतो.

कथेत नायकाला मारतो कोण? अनोळखी गुंड नव्हे. ज्यांनी त्याला घरात घेतले, मान दिला, तीच माणसे जात कळताच त्याच्यावर तुटून पडतात. आणि सोडवायला येतो काशीनाथ, ज्याने आपली जात कधी लपवली नाही आणि म्हणून ज्याच्याभोवती सतत भांडण आहे. समीक्षकांनी काशीनाथला विद्रोहाचे प्रतीक म्हटले. असेल. मला मात्र तो कथेतला एकमेव मित्र वाटतो. नायकाची यादी भरलेली होती, पण संकटात उपयोगी पडणारे नाव त्यात एकच होते.

पांढरपेशा वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून उपदेश येतो : अनोळखी माणसाची विनंती स्वीकारू नका. हा उपदेश त्यांच्यापुरता ठीक आहे. आपल्याला धोका ओळखीच्यांकडूनही असतो. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन ठार मारले गेले, अशा बातम्या सर्वांनी वाचल्या. फोन खिशात असला तरी तो जात सांगतो.

‘मूकनायका’च्या पहिल्या अंकात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. आजचा पदवीधर म्हणतो, फोनने जिना बांधला. माझ्या मते फोनने मजल्यांना खिडक्या पाडल्या. वरचा खालच्याला पाहतो, हात हलवतो, अंगठा दाखवतो. जेवायला कोण कोणाकडे जातो ते पाहा.

मग आपण आडनावे पाहून यादी गाळायची काय? तसे केले तर मनूचेच काम आपण फुकट करू. शिवाय निळा झेंडा लावलेला प्रत्येक गट आपला असतो, असेही नाही. कोणी चालवतो ते माहीत नाही, मजकूर कोठून आला ते माहीत नाही, आणि आपली पोरे तो पुढे ढकलत राहतात. आपल्या जंगलपट्ट्यात हे पोरखेळाचे काम नव्हे. प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये शिक्षा दिली. जप्त केलेल्या संगणकीय साधनांतला मजकूर हा त्या खटल्यातला मोठा पुरावा होता. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले. तोवर गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण कैदेतच मेला होता. निर्दोष ठरायला किती वर्षे लागतात याचा हिशेब माहीत असणाऱ्याने गटात शिरण्यापूर्वी चार माणसांना विचारावे. यात भित्रेपणा नाही. ‘संघटित व्हा’ याचा अर्थ कोणालाही जोडून घ्या असा बाबासाहेबांनी कधी केला नव्हता.

माणूस ओळखीचा की अनोळखी, याने आपले भागत नाही. माझे पूर्ण नाव कळल्यावर हा कसा वागेल, हे पाहावे लागते. ते नाव सांगितल्याशिवाय कळायचे नाही, आणि सांगितले तर पोट जाते. हा पेच बागुलांनी सोडवला नाही. सोडवल्याचा आवही आणला नाही. म्हणून कथा मोठी आहे.

विद्यार्थ्याला मी म्हणालो होतो, “परीक्षा होऊ दे, मग बघू.” त्याने ऐकले नाही. चौदा एप्रिलला सकाळी त्याने फोटो टाकला, कोणालाही न वगळता. संध्याकाळी फोन करून म्हणाला, “जय भीम सर. दोघांनी जिप्सी नको म्हणून कळवलं. नागपूरच्या एका बाईंनी मात्र विचारलं, मिरवणूक किती वाजता निघते?”

त्याचे स्टेटस मलाही दिसले होते. प्राध्यापकांच्या गटात त्या दिवशी मी काहीच टाकले नव्हते.