कुडा कुठला? नोंदवही आहे, डेटा नाही

माझ्या अभ्यासासाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी कुडा कुठे-कुठे आहे, हे हवं होतं. एका गावाची लोक जैवविविधता नोंदवही मिळाली तेव्हा भलताच आनंद झाला. फाईल उघडली, तर स्कॅन केलेली पीडीएफ! शोधायची सोय नाही. पानं उलटत गेले आणि सापडलं: 'कुडा. औषधी. भरपूर.'

आता कुठला कुडा? पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हिना प्युबेसेन्स. त्याची साल जुलाबावर देतात. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्ही वेगळी झाडं. शास्त्रीय नावाचा रकाना कोरा. आणि अक्षांश-रेखांश? सगळ्या झाडांना एकच, ग्रामपंचायत कार्यालयाचे. म्हणजे नकाशावर अख्खं जंगल कचेरीच्या दारात उभं!

जैवविविधता कायदा २००२चा. गावोगावी समित्या नेमून त्यांनी नोंदवह्या करायच्या, ही कल्पना उत्तम. नमुन्यातले रकानेही चांगले आहेत: स्थानिक नाव, अधिवास, पूर्वी किती, आता किती, उपयोग. पण काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, चुकल्यास राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड. त्यानंतर वह्यांची संख्या धडाधड वाढली. घाईत मोजली गेली ती वही, आतली नोंद नाही.

चांगली नोंद म्हणजे काय? जगभर 'डार्विन कोअर' नावाचं मानक वापरतात. एक निरीक्षण, एक ओळ: काय, कुठे, कधी, कुणी पाहिलं, आणि जागा किती मीटरपर्यंत अचूक. एवढं असलं की कोपनहेगनला मुख्यालय असलेल्या जीबिफमध्ये ती ओळ इतर देशांच्या नोंदींशेजारी बसते.

पण जीबिफही काही निर्दोष नाही. तिथे पक्षी उदंड, गवतं आणि कीटक कमी. ठिपके रस्त्यांच्या आणि शहरांच्या कडेने. ठिपका नाही म्हणून 'इथे काही नाही' असा निष्कर्ष काढला, की माळरान सहज पडीक ठरतं. ई-बर्डमध्ये 'दिसलेले सगळे पक्षी लिहिले का?' असं विचारतात, त्यामुळे न दिसलेल्याचाही थोडा अंदाज येतो. वनस्पतींच्या नोंदीत अशी सवय क्वचितच दिसते.

मग सगळं ऑनलाइन टाकायचं का? नाही. दुर्मिळ औषधीचं नेमकं ठिकाण उघड केलं तर पहिला पोहोचेल तो खणून नेणारा. आणि कुठली साल कशी उकळायची, हे ज्ञान गावाचं आहे. माझ्या मते दोन थर हवेत. प्रजातीची नोंद खुली, पण नाजूक प्रजातींची जागा धूसर केलेली. ज्ञानाचा भाग समितीच्या ताब्यात, परवानगीशिवाय बंद. हे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही.

शेवटी मी त्या गावात गेले. एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या दिसल्या की तो काळा. पांढऱ्याच्या सुट्या असतात." एका वाक्यात माझा प्रश्न मिटला. वही करताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या गावाची नोंदवही जरूर मागून बघा. त्यातल्या किती झाडांपाशी तुम्ही वही हातात घेऊन पोहोचू शकता, तेवढं मोजा आणि मला कळवा.