श्रवणातील लंडन : एका कादंबरीमालेच्या श्राव्य आवृत्तीविषयी

कादंबरी वाचणे व कादंबरी ऐकणे या क्रिया आपण सामान्यतः एकरूप मानतो. संहिता तीच असता ती डोळ्यांनी ग्रहण केली काय किंवा कानांनी, आशयात फरक पडत नाही, अशी आपली धारणा असते. ही धारणा कितपत टिकते हे पाहण्यास बेन आरोनोविच यांची २०११ पासून प्रसिद्ध होत असलेली ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही माला उपयुक्त आहे.

‘अर्बन फँटसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात ही माला मोडते. या प्रकारातील अद्भुत दूरच्या कल्पित राज्यात घडत नाही; ते आजच्या महानगराच्या रस्त्यांवर घडते. मालेचा निवेदक पीटर ग्रँट हा लंडनच्या पोलीस दलातील तरुण शिपाई होय. त्याची आई सिएरा लिओनची, वडील गोरे इंग्रज, जॅझवादक. कोव्हेंट गार्डन येथील खुनाच्या तपासात त्यास साक्षीदार म्हणून एक भूत भेटते, आणि पुढे तो थॉमस नाइटिंगेल या जादूगार अधिकाऱ्याचा शिष्य बनतो. कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ या घानावंशीय ब्रिटिश नटाने या कादंबऱ्यांचे अभिवाचन केले आहे.

प्रस्तुत लेखकाने पहिली कादंबरी प्रथम छापील रूपात वाचली. पीटर वाक्याच्या कर्त्याच्या जागी ‘लेस्ली अँड आय’ असे न म्हणता ‘मी अँड लेस्ली’ असे म्हणतो. म्हणजे कर्तृरूपाऐवजी कर्मरूप योजतो. अध्यापनाच्या सवयीने अशा स्थळी समासात पेन्सिलीची खूण केली गेली. श्रवणाच्या वेळी मात्र त्याच वाक्यात काही खटकले नाही. लंडनी उच्चारणात आलेली ती रचना स्वाभाविक वाटली, कारण ती त्या बोलीच्या व्याकरणाचाच भाग आहे. वाक्य बदलले नव्हते. बदलला होता तो वक्ता. छापील पान वाचताना निवेदकास आपण नकळत प्रमाण इंग्रजीचा आवाज बहाल केला होता, आणि मग त्या आवाजात न शोभणारे रूप चूक ठरविले होते. बोलींच्या समान योग्यतेचा सिद्धान्त वर्गात शिकविणाऱ्यालाही स्वतःचा कान किती पक्षपाती आहे हे असे कळावे, ही गोष्ट चिंत्य आहे.

याचे एक कारण लेखनपद्धतीत आहे. प्रचलित वर्णलेखन सर्वांचे असते, परंतु वाचक ते प्रमाण उच्चारणाचेच समजतो. मराठीत ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील भिन्न च आपण एकाच अक्षराने लिहितो व त्याविषयी तक्रार करीत नाही. मात्र ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ असे छापले की पात्र तत्काळ ग्रामीण ठरते. म्हणजे लेखनात केवळ ‘इतरां’चा उच्चार दिसतो, प्रमाणभाषकाचा उच्चार अदृश्य राहतो. श्राव्य आवृत्तीत ही सवलत कोणासच नाही. १९०० मध्ये जन्मलेल्या नाइटिंगेलचे जुने अभिजन उच्चारणही तेथे एक विशिष्ट उच्चारण म्हणूनच ऐकू येते.

मालेतील नद्यांच्या देवतांविषयी हे विशेष खरे आहे. भरतीओहोटीच्या टेम्सची देवता नायजेरियातून आलेली आहे. टेडिंग्टनच्या वरच्या प्रवाहावर वृद्ध ‘फादर टेम्स’ची सत्ता आहे. भरतीचे पाणी टेडिंग्टनपर्यंतच पोहोचते, ही भौगोलिक वस्तुस्थिती लेखकाने राज्यसीमा म्हणून योजिली आहे. मातेच्या बोलण्यात पश्चिम आफ्रिका आहे. मेफेअरखालून वाहणाऱ्या टायबर्नची देवता असलेली तिची कन्या मात्र उच्चभ्रू इंग्रजी बोलते. उच्चारण रक्तातून येत नसून परिसर, शिक्षण व सहवास यांतून येते, हा भाषाशास्त्राचा प्राथमिक सिद्धान्त येथे एका कुटुंबाच्या संभाषणातून प्रत्ययास येतो.

अर्थात या लाभास मर्यादा आहेत. एकाच कंठातून अनेक पात्रे उभी करावयाची म्हणजे भेद ठळक करणे ओघाने आले. आणि भेद ठळक झाले की व्यक्तीच्या जागी नमुना येण्याचा धोका संभवतो. दुसरे असे की, मुद्रित संहिता जो निर्णय वाचकावर सोपविते तो येथे अभिवाचकाने आधीच घेतलेला असतो. तथापि, वाचकाने एरवी घेतलेला निर्णय खरोखर स्वतंत्र असतो काय, हा प्रश्न वरील पेन्सिलीच्या खुणेनंतर टाळता येत नाही.

या मालेत घडून गेलेल्या घटनांचे व जादूचे अवशिष्ट ठसे वास्तूंत, विशेषतः दगडांत, टिकून राहतात. ते ओळखणे हे पीटरच्या शिक्षणाचे पहिले अंग होय. मानवी आवाजातही स्थळाचे, वर्गाचे व स्थलांतराचे असेच ठसे असतात. मुद्रणाने ते पुसले जात नाहीत, परंतु वाचक त्यांवर आपला आवाज चढवितो. समीक्षकाने निदान एकदा तरी कादंबरी ऐकावी, ती याकरिता. समासातील त्या खुणा आता खोडल्या आहेत; त्यांचे वळ मात्र कागदावर राहिले आहेत.