‘जगायला जाणे’ आणि ‘स्थलांतर’ : शासकीय साहाय्याच्या परिभाषेची चिकित्सा

शासकीय मराठीची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे : परिभाषा संस्कृतप्रचुर असावी की लोकांच्या तोंडची असावी? १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कोशांमागून कोश सिद्ध झाले, आणि प्रत्येक टप्प्यावर हाच वाद नव्याने रंगला. शब्द अवघड आहे की सोपा, हे पाहणे आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु त्याहून अधिक महत्त्वाचा असा एक प्रश्न या वादात मागे पडतो. परिभाषेचा शब्द कोणाला आपल्या कक्षेत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हा तो प्रश्न होय. संकटकाळी शासन नागरिकाला जे अर्थसाहाय्य देते, त्याच्या परिभाषेपुरता हा प्रश्न तपासावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घरापासून दूर असलेल्या नागरिकाला हे साहाय्य कसे पोचते, ही त्यासाठी घेतलेली कसोटी आहे. आणि उदाहरणासाठी घेतलेला प्रदेश आहे ठाणे जिल्ह्यातील म्हसा व त्याच्या भोवतालचा मुरबाड-शहापूरचा टापू.

म्हसा हे नाव ठाणे जिल्ह्यात सर्वतोमुखी आहे ते पौष पौर्णिमेच्या यात्रेमुळे. खांबलिंगेश्वराच्या या यात्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो. यात्रेचा हा काळ जानेवारीच्या आसपासचा. त्या वेळी या परिसरातील कातकरी वाड्यांतली पुष्कळशी घरे बंद असतात. दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. भिवंडी, कल्याण, पनवेल ही त्यांच्या जाण्याची ठिकाणे फार दूरची नव्हेत. त्यांतली काही तर त्याच जिल्ह्यात आहेत. तथापि, जेथे शिधापत्रिका आहे, जेथे मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे, जेथे ग्रामसेवक व तलाठी ओळखतात, ते ठिकाण सुटले की सहा-सात महिने हे कुटुंब शासनाच्या दृष्टीने ‘बाहेर’ असते.

या जाण्याला ठाणे-पालघरच्या आदिवासी बोलीत जो शब्दप्रयोग आहे, तो लक्षात घेण्यासारखा आहे. लोक म्हणतात, ‘जगायला जातो.’ शासकीय कागदात त्याच क्रियेला ‘स्थलांतर’ म्हणतात. हे दोन शब्दप्रयोग वरवर समानार्थी वाटले तरी त्यांची घडण भिन्न आहे. ‘जगायला’ हे हेत्वर्थक कृदन्त आहे. क्रियेचे प्रयोजन त्यातच अनुस्यूत आहे, आणि प्रयोजनाबरोबर कर्ताही आहे. कोणीतरी जगावयाचे आहे म्हणून जात आहे. ‘स्थलांतर’ हे नाम आहे. त्यात फक्त स्थळ बदलते. कोण गेले, कशासाठी गेले, इथे राहून काय झाले असते, यांपैकी काहीही त्या नामात उरत नाही. ‘स्थलांतरित’ हे त्यावरून झालेले विशेषण तर आणखी एक पाऊल पुढे जाते : माणसाच्या जगण्याच्या धडपडीचे ते त्याच्या अंगच्या एका लक्षणात रूपांतर करते. ‘कुटुंब स्थलांतरित असल्याने लाभ देता आला नाही’ असे वाक्य कोणत्याही कार्यालयात सहज लिहिता येईल आणि ते वाचताना कोणाला खटकणारही नाही. तेच वाक्य ‘कुटुंब जगायला गेले असल्याने त्याला जगण्यासाठी साहाय्य देता आले नाही’ असे लिहून पाहावे. दुसऱ्या वाक्यातील विसंगती पहिल्यातही होतीच. ती शब्दाने झाकली होती.

आता प्रत्यक्ष साहाय्याकडे वळू. आदिवासी कुटुंबांवर पावसाळ्याच्या महिन्यांत उपासमारीची पाळी येऊ नये म्हणून महाराष्ट्र शासनाने १९७८ साली खावटी कर्ज योजना सुरू केली. आदिवासी विकास महामंडळामार्फत ती राबविली जाई. रक्कम कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार ठरे, काही भाग धान्यरूपाने व काही रोखीने मिळे, आणि तिचा मोठा हिस्सा कर्ज म्हणून फेडावयाचा असे. २०१३ नंतर ही योजना थांबली. करोनाच्या साथीत, २०२० साली, ती ‘खावटी अनुदान योजना’ या नावाने एका वर्षापुरती पुन्हा मंजूर झाली. या वेळी कर्जाचा भाग गेला आणि संपूर्ण रक्कम अनुदान झाली : प्रत्येक कुटुंबास ४,००० रुपये, त्यांपैकी २,००० रुपये बँक खात्यात आणि २,००० रुपयांच्या वस्तू. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, डाळी, साखर, तेल, मीठ, मिरची, चहा असे त्या वस्तूंचे स्वरूप होते. सुमारे साडेअकरा लाख कुटुंबांना ती द्यावयाची होती. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक असल्याने तिचा समावेश त्यात होताच.

‘खावटी’ हा शब्द ‘खा-’ या धातूपासून सिद्ध झालेला, अस्सल देशी आणि कुणबी-आदिवासींच्या नित्य व्यवहारातला आहे. परिभाषा सुबोध असावी असे म्हणणाऱ्यांचे समाधान व्हावे असाच तो आहे. पण याच अर्थक्षेत्रातील दुसरा एक देशी शब्द त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. तो शब्द ‘पोटगी’ होय. एक खाण्यावरून, दुसरा पोटावरून. दोहोंचा विषय माणसाचे उदरभरण हाच. तरी व्यवहारात दोहोंमध्ये केवढे अंतर पडले आहे! पोटगी मागता येते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ अन्वये पत्नी, अपत्ये व वृद्ध आईबाप ती न्यायालयात मागत, आणि आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ अन्वये मागतात. खावटी मागता येत नाही. ती मंजूर होते, वाटली जाते, बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. पोटगी ‘थकते’, खावटीला ‘विलंब होतो’. जी द्यावीच लागते तीच रक्कम थकू शकते. २०२० च्या पावसाळ्यासाठी योजलेली खावटी प्रत्यक्षात २०२१ साली लोकांच्या हाती पडली, तेव्हा तिला थकलेली खावटी असे कोणी म्हटले नाही. भाषेत तशी सोयच नव्हती.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगण्याची गरज नाही. ‘अनुदान’ या शब्दात ‘दान’ आहे आणि ‘सानुग्रह’ या शब्दात ‘अनुग्रह’ आहे, एवढ्यावरून शासनाची वृत्ती दात्याची आहे असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. ‘लाभार्थी’ या शब्दाचेही तसेच. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा. विद्यार्थी विद्येची इच्छा करतो, लाभार्थी लाभाची. एवढ्या फोडीवरून शब्द दोषी ठरत नाही. त्याचा खरा अर्थ त्याच्या साहचर्यात पाहावयास हवा. लाभार्थी ‘निवडला’ जातो, ‘वगळला’ जातो, त्याची ‘यादी’ होते, त्याला लाभ ‘देण्यात येतो’. म्हणजे वाक्यात तो जवळजवळ नेहमी कर्माच्या वा संप्रदानाच्या जागी असतो. उलट ‘हक्कदार’ हा शब्द सहजपणे कर्त्याच्या जागी येतो. तो ‘मागतो’, ‘सांगतो’, ‘दाद मागतो’. ओडियात याच अर्थी ‘हिताधिकारी’ हा शब्द रूढ आहे. त्या शब्दाने तेथील व्यवहार बदलला आहे असा माझा दावा नाही. परंतु ज्याला साहाय्य द्यावयाचे त्याच्या नावातच ‘अधिकार’ असू शकतो, एवढे त्यावरून सिद्ध होते. यातच ‘करण्यात येईल’ या कर्मणी रचनेची भर पडते. लाभ देण्यात येईल. कोण देईल, केव्हा देईल आणि न दिल्यास कोण उत्तरदायी, हे वाक्यरचनेतूनच गळून पडते.

यावर कोणी असे म्हणेल की, हा दोष भाषेचा नसून प्रशासनाच्या अपरिहार्य मर्यादेचा आहे. माणूस जागेवर नसेल तर त्याला साहाय्य द्यावयाचे कसे? या आक्षेपास उत्तर शासनाच्याच दुसऱ्या एका योजनेत मिळते. परदेशात संकटात सापडलेल्या भारतीय नागरिकांसाठी २००९ साली ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ स्थापन झाला व २०१७ साली त्याची मार्गदर्शक तत्त्वे अधिक व्यापक करण्यात आली. वकिलातींमार्फत चालणाऱ्या या निधीतून अडकलेल्या नागरिकाच्या निवाऱ्याचा व भोजनाचा खर्च, तातडीचे औषधोपचार, कायदेविषयक साहाय्य, मायदेशी परतण्याचे विमानभाडे आणि मृत्यू ओढवल्यास पार्थिव आणण्याचा खर्च भागविता येतो. निधीचा एक मोठा आधार म्हणजे वकिलातींच्या सेवांवर आकारले जाणारे अल्पसे शुल्क. हा निधीही हक्क नव्हे; मिळकतीची शहानिशा करून व अत्यंत गरजू कोण ते ठरवून तो दिला जातो, आणि त्या ठरविण्यात अधिकाऱ्याच्या विवेकाला बराच वाव आहे. तरीही एका बाबतीत तो खावटीहून मूलतः निराळा आहे. तो माणूस जेथे आहे तेथे त्याला गाठतो. रियाध किंवा कुवेत येथे मालकाने टाकून दिलेल्या मजुराला त्याचा तालुका कोणता, त्याचे नाव कोणत्या वाडीच्या यादीत आहे, हे आधी सिद्ध करावे लागत नाही. तो भारतीय आहे आणि अडचणीत आहे, एवढे पुरते.

म्हणजे म्हशाचा माणूस समुद्रापलीकडे अडकला, तर त्याच्यासाठी ‘बाहेर असणे’ हेच साहाय्याचे कारण ठरते. तोच माणूस भिवंडीच्या भट्टीवर अडकला, तर ‘बाहेर असणे’ हे साहाय्य न मिळण्याचे कारण होऊन बसते. या दोहोंच्या मधली पायरीही आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुराला विस्थापन भत्ता व प्रवास भत्ता देऊ केला. परंतु त्यासाठी राज्याची सीमा ओलांडणे आवश्यक होते, आणि २०२० च्या ज्या संहितेत हा कायदा समाविष्ट झाला तिच्या व्याख्येतही राज्याची सीमा आहेच. देशाची सीमा ओलांडली तर एक निधी, राज्याची ओलांडली तर एक कायदा. तालुक्याची वेस ओलांडणाऱ्यासाठी मात्र ‘स्थलांतरित’ हा शेरा.

ही पोकळी रिकामी राहत नाही, ती दुसरी एक परिभाषा भरून काढते. भट्टीच्या मालकाकडून हंगामापूर्वी घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’. हंगामात दर आठवड्याला पोटासाठी मिळते ती ‘खर्ची’. शेवटी होतो तो ‘हिशेब’. आणि हिशेबात जे फिटत नाही ते ‘अंगावर राहते’. हा शब्दसमूह शासकीय परिभाषेपेक्षा किती नेमका आहे पाहा. देणारा कोण, घेणारा कोण, केव्हा व कशाच्या मोबदल्यात, याविषयी त्यात तिळमात्र संदिग्धता नाही. ‘अंगावर’ हा शब्द तर कर्ज थेट देहाशी बांधतो, आणि पुढील हंगामी तो देहच भट्टीवर हजर व्हावा लागतो. याच बंधनाला १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी ठरवून नष्ट केले आहे. त्या कायद्याखाली मुक्त झालेल्या मजुराला तातडीची रोख मदत मिळते. २०१६ च्या योजनेत ती २० हजार रुपयांपर्यंत होती, पुढे ३० हजारांपर्यंत वाढविण्यात आली. ती मदत मजूर जेथे सापडेल तेथील जिल्हा प्रशासनाने द्यावयाची असते. देशाच्या सीमेच्या आतही साहाय्य माणसामागे जाऊ शकते, ते हे असे. दुर्दैव एवढेच की, त्यासाठी आधी माणूस वेठीस लागलेला असावा लागतो.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २०१९ पासून शिधापत्रिकेवरचे धान्य अन्यत्र उचलण्याची सोय क्रमाक्रमाने देशभर झाली, आणि तत्त्वतः मुरबाडच्या पत्रिकेवर भिवंडीत धान्य मिळू शकते. ही सुधारणा महत्त्वाची आहे. परंतु ती धान्यापुरती आहे. आणि तिच्यामागचे तत्त्व, म्हणजे हक्क जागेला नव्हे तर माणसाला चिकटलेला असावा, हे साहाय्याच्या उर्वरित परिभाषेत अद्याप उतरलेले नाही.

शब्द बदलला म्हणजे व्यवहार बदलेल, असे मी म्हणत नाही. ‘कर्ज’ जाऊन ‘अनुदान’ आले तेव्हा मात्र शब्दाबरोबर फेडीचे ओझेही गेले, हे विसरता कामा नये. परिभाषा घडविणाऱ्यांनी शब्द सोपा आहे का, एवढेच विचारून थांबू नये. त्या शब्दाचा माणूस वाक्यात कोणत्या विभक्तीत उभा आहे, तेही विचारावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे काम करण्यास मोठा वाव आहे. एखाद्या तालुक्यातील दहा वर्षांचे साहाय्यविषयक शासननिर्णय व परिपत्रके घेऊन त्यांतील क्रियापदांची आणि विभक्तींची नोंद करावी, व शेजारी त्याच लोकांच्या तोंडचे ‘जगायला जाणे’, ‘उचल’, ‘अंगावर राहणे’ हे प्रयोग मांडावेत. कातकरी बोलीची नोंद ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात १९०५ सालीच झाली आहे. ती बोलणाऱ्यांची नोंद दिवाळी ते पावसाळा या काळात कोणत्या कागदावर असते, हे शोधणे आता आपल्याकडे आले आहे.