संमीलन-ऊर्जा : लाभाची मोजणी आणि मोजणीची सीमा

अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी १९५५ साली जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी, केंद्रकीय संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत केले होते. त्यास सत्तर वर्षे उलटून गेली. या विलंबावरचे विनोद आता विनोद म्हणूनही जुने झाले आहेत. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो निराळ्याच प्रश्नाचा : यशाचे जे दावे केले जातात, त्यांत लाभ नेमका कोठे मोजला जातो?

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा लक्ष्यावर टाकून ३.१५ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा मिळविण्यात आली. वैज्ञानिकदृष्ट्या ही घटना निःसंशय ऐतिहासिक होय. परंतु तो लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती. हिशेबाची सीमा लक्ष्याभोवती आखली तर दीडपट प्राप्ती दिसते. प्रयोगशाळेच्या कुंपणाभोवती आखली तर शंभर रुपये देऊन एक रुपया परत घेण्यासारखा तो व्यवहार ठरतो. दोन्ही विधाने खरी आहेत, गाजले मात्र पहिले.

भारत २००५ पासून ज्यात सहभागी आहे, त्या फ्रान्समधील 'इटर' प्रकल्पाच्या 'दसपट' लाभाचेही असेच आहे. ५० मेगावॅट तापनशक्ती देऊन ५०० मेगावॅट मिळविणे हे त्याचे उद्दिष्ट. मात्र ही प्राप्ती उष्णतेची आहे. इटर वीज निर्माणच करणार नाही, आणि चुंबक व शीतकरण यांचा विजेचा खर्च त्या गुणोत्तरात धरलेला नाही. शिवाय २०२४ मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार ड्यूटेरियम-ट्रिटियम इंधनाचे प्रयोग २०३९ पर्यंत लांबले आहेत.

व्यापारी शक्यतेची खरी कसोटी इंधनाशी लागते, असे आमचे मत आहे. 'समुद्राच्या पाण्यातून अमर्याद इंधन' हे विधान ड्यूटेरियमपुरते योग्य आहे. ट्रिटियमचा अर्धायुकाल अवघा १२.३ वर्षांचा असल्याने निसर्गात त्याचा साठा होत नाही. नागरी वापरासाठीचे ट्रिटियम मुख्यत्वे जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून मिळते व त्याचा जागतिक साठा काही दहा किलोंच्या घरात आहे. १ गिगावॅट संमीलन-शक्ती वर्षभर अखंड मिळवावयाची तर सुमारे ५६ किलो ट्रिटियम जळेल. म्हणजे प्रत्येक केंद्राने आपले इंधन लिथियमच्या आवरणात न्यूट्रॉनच्या साहाय्याने स्वतःच निर्माण केले पाहिजे, तेही खर्चाहून किंचित अधिक. असे स्वयंपूर्ण इंधनचक्र अद्याप कोणत्याही यंत्राने सिद्ध केलेले नाही. तेच न्यूट्रॉन भट्टीची अंतर्भित्ती जर्जर करतात. ती बदलण्यासाठी केंद्र किती काळ बंद ठेवावे लागेल, यावर विजेचा दर ठरणार आहे.

खाजगी कंपन्यांचा उत्साह सर्वस्वी पोकळ आहे, असे म्हणता येणार नाही. कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्सने २०२१ मध्ये चाचणी घेतलेला २० टेस्लाचा अतिसंवाहक चुंबक ही खरी प्रगती आहे. त्यामुळे यंत्राचा आकार लहान होऊ शकतो. २०२३ मध्ये हेलियन कंपनीने मायक्रोसॉफ्टशी २०२८ पासून वीज पुरविण्याचा करारही केला. तथापि खरेदीचा करार हा खरेदीदाराच्या अपेक्षेचा पुरावा असतो, आणि लहान यंत्राच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर न्यूट्रॉनचा मारा वाढतो तो वेगळाच.