कंसांचा मान आणि कंपायलरची मुभा

डेव्हिड गोल्डबर्ग यांचा फ्लोटिंग पॉइंट अंकगणितावरील दीर्घ निबंध मार्च १९९१ मध्ये 'एसीएम कम्प्युटिंग सर्व्हेज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आयईईई ७५४ हे १९८५ चे मानक जिज्ञासूंना समजावून देण्याचे कार्य त्याने उत्तम प्रकारे केले, याविषयी दुमत होऊ नये. तथापि कंपायलरसंबंधी त्यातील विवेचन आज कितपत पुरेसे आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

यंत्रातील बेरीज साहचर्याचा नियम पाळीत नाही, हे त्या विवेचनाचे अधिष्ठान होय. एकावर सोळा शून्ये देऊन होणारी संख्या घ्यावी. दुहेरी अचूकतेत तीत १ मिळविला तर बेरीज मूळ संख्येइतकीच राहते. पुन्हा १ मिळविला तरी तेच. परंतु दोन एकांची बेरीज आधी करून मिळविली, तर उत्तर २ ने वाढते. विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये सुचविलेल्या रीतीत असा निसटलेला अंश 'क = (ट − स) − य' या सूत्राने टिपून पुढील पदात परत घेतला जातो. येथे ट म्हणजे स आणि य यांची यंत्राने केलेली बेरीज. बीजगणितावर विसंबणारा कंपायलर क ची किंमत शून्य ठरवितो, आणि सारी रीत निष्फळ होते. म्हणून कंसांचा मान राखलाच पाहिजे, असा गोल्डबर्ग यांचा आग्रह आहे व तो सर्वथा योग्य आहे.

उणीव आहे ती पुढे. निबंधात हा वाद मुख्यतः भाषेची व्याख्या आणि कंपायलर यांच्यातील आहे. आज निर्णय बहुधा तिसऱ्याच्याच हाती असतो. जीसीसीचा 'फास्ट-मॅथ' हा पर्याय आज्ञावलीचा कर्ता नव्हे, तर ती संकलित करणारा निवडतो. त्या एका शब्दाने कंसांचे बंधन सुटते, आणि 'अ-संख्या' कधी उद्भवणारच नाही असे गृहीत धरल्यामुळे तिच्यासाठी लिहिलेली तपासणीही गळू शकते. इतकेच नव्हे, तर १९२३ नव्हे तर २०२३ पर्यंतच्या, म्हणजे जीसीसी १३ च्या पूर्वीच्या, आवृत्त्यांत या पर्यायाने बांधलेले सामायिक ग्रंथालय लिनक्सवर, एक्स८६ यंत्रांत, ते वापरणाऱ्या परक्या आज्ञावलीतही अतिसूक्ष्म संख्यांना शून्य करीत असे.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. क्रम बदलण्याची मुभा नसेल, तर दीर्घ बेरजेत प्रत्येक पदाला मागील बेरजेची वाट पाहावी लागते, आणि यंत्राची समांतर शक्ती वाया जाते. शिवाय अनेक आंशिक बेरजा करून मिळविलेले उत्तर पुष्कळदा अधिक अचूकही असते. तेव्हा मुभा देणे हा दोष नव्हे. ती सरसकट देणे हा दोष होय. क्लँगमध्ये अशी परवानगी मजकुरातच, विशिष्ट भागापुरती लिहिता येते. कंस ज्याने योजिले, ते मोडण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असावा. गोल्डबर्ग यांच्या भूमिकेला ही पुरवणी जोडणे आवश्यक आहे.