निकोप मन कोणाचे?

राज्यघटना दलित माणसाला पुस्तकात भेटते. राज्यसंस्था त्याला पोलिसाच्या रूपाने भेटते. तक्रार नोंदवून घ्यायची की नाही, ॲट्रॉसिटीचे कलम लावायचे की ‘गावातच मिटवा’ म्हणून परत पाठवायचे, हे ठाण्यात बसलेला माणूस ठरवतो. म्हणून पोलीस कोणाला करावे आणि कोणत्या मोजपट्टीने निवडावे हा प्रश्न एकट्या गृहखात्यावर सोपवून चालणार नाही.

कोठडीत कोणी मेला, मोर्च्यावर लाठी चालली, की शिकल्यासवरल्या वर्गातून एक सूचना हमखास येते : भरतीच्या वेळी व्यक्तिमत्त्व-चाचणी घ्या, विकृत माणसे दारातच अडवा. सूचनेमागचा हेतू चांगला आहे. पण जेथे हा प्रयोग शंभर वर्षे चालू आहे त्या अमेरिकेचा अनुभव तपासल्याशिवाय तिला मान डोलावणे आम्हांला परवडणारे नाही. मी मानसशास्त्राचा नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. परंतु चाचणी हाही अखेर एक मजकूर असतो. त्याला लेखक असतो, त्याने गृहीत धरलेला वाचक असतो आणि त्याच्या मनातला एक आदर्श माणूस असतो. साहित्यकृतीला आपण जे प्रश्न विचारतो तेच ह्या मजकुरालाही विचारता येतात.

आरंभ पाहू. १९१६ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात लुईस टर्मन ह्या मानसशास्त्रज्ञाने पोलीस व अग्निशामक दलाच्या उमेदवारांची बुद्धिचाचणी घेतली. पोलीस निवडीत मानसशास्त्राचा प्रवेश येथून झाला असे मानतात. त्याच वर्षी टर्मनचा बुद्धिमापनावरचा ग्रंथ निघाला. त्यात त्याने मेक्सिकन, आदिवासी आणि काळ्या मुलांची मंदबुद्धी वंशगत असल्याचे सुचवून त्यांना वेगळ्या वर्गांत बसवावे असे म्हटले. गावकुसाबाहेर बसवण्याची ही कल्पना आम्हांला अनोळखी नाही. तेथे तिने प्रयोगशाळेचा पांढरा कोट घातला होता एवढेच.

पुढे बुद्धीबरोबर व्यक्तिमत्त्वही मोजले जाऊ लागले. ह्या क्षेत्रातला सर्वांत वजनदार मजकूर म्हणजे मिनेसोटा विद्यापीठात स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली ह्यांनी रचलेली, १९४३ साली प्रसिद्ध झालेली ‘मिनेसोटा मल्टीफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी’. साडेपाचशे विधाने, प्रत्येकापुढे ‘खरे’ किंवा ‘खोटे’ लिहायचे. ती मुळात मनोरुग्णांच्या निदानासाठी होती. १९६७ साली राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने पोलीस उमेदवारांच्या मानसिक तपासणीची शिफारस केली, आणि पोलीसभरतीत अशा चाचण्यांचे प्रस्थ वाढत गेले.

आता कळीचा प्रश्न : रुग्ण कोण हे ठरवण्यासाठी निरोगी कोणाला धरले? विद्यापीठाच्या रुग्णालयात आप्तांना भेटायला आलेल्या सुमारे ७०० माणसांना. ती जवळजवळ सगळी मिनेसोटातील गोरी माणसे होती. बहुतेक विवाहित, खेड्यांतली आणि लहान गावांतली. ती स्वभावाने वाईट होती असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यांचे मन हे ‘माणसाचे मन’ ठरले आणि इतरांची मने त्यापासून किती ढळली हे अंकांत मांडले जाऊ लागले. आमच्या साहित्यात सदाशिव पेठेची भाषा ‘प्रमाण’ आणि आमची ‘बोली’ ठरली, त्याच जातीचा हा व्यवहार आहे.

ह्या मजकुरात संशय मोजणारी विधाने आहेत. आपल्यावर पाळत आहे, आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे, अशा अर्थाच्या विधानांना ‘खरे’ म्हटले की भ्रमाचा अंक वाढतो. आता ज्या वस्तीत रोज पोलिसांची गाडी फिरते, जेथे तरुणाला केवळ कातडीवरून थांबवून झडती घेतात, तेथला माणूस काय लिहील? त्याने ‘खरे’ लिहिले तर तो रोगी. ‘खोटे’ लिहिले तर तो स्वतःच्या आयुष्याशी खोटे बोलला. १९६८ साली विल्यम ग्रिअर आणि प्राइस कॉब्ज ह्या दोन काळ्या मनोचिकित्सकांनी हेच सांगितले : गोऱ्या समाजाविषयीचा काळ्या माणसाचा संशय हे जगण्यासाठी कमावलेले शहाणपण आहे. १९७२ साली माल्कम गिंथर ह्या संशोधकाने गोऱ्यांच्या मानदंडांवर काळ्यांना मोजणे म्हणजे भेदभावाला आमंत्रण नव्हे काय, असा सवाल शास्त्रीय नियतकालिकातच केला. ओकलंडमध्ये पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली. तिचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर जन्मली तीही १९७२ सालीच. ह्या चळवळींतल्या तरुणांना ती विधाने दिली असती, तर त्यांची सामाजिक जाणीव रोग म्हणून नोंदली गेली नसती काय?

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८९ साली ही चाचणी नव्या मानदंडांवर बेतली गेली. नमुन्यात काळे आणि आदिवासीही आले. २०२० साली तिसरी आवृत्ती निघाली. शिक्षण व आर्थिक स्थिती सारखी असेल तर वंशांतला फरक बराच कमी होतो असेही पुढच्या संशोधकांनी दाखवले. पण म्हणजे काय? जो फरक वेडाचा वाटत होता तो गरिबीचा निघाला. आणि अशा चाचणीशी मिसळलेली धर्म आणि लैंगिक जीवनाविषयीची विधाने एका दुकानसाखळीने सुरक्षारक्षकांच्या भरतीत वापरली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९९१ साली त्यांना आक्षेप घेतला.

चाचणी संस्थेला हवा तसा माणूस निवडते, ह्याचेही एक उदाहरण आहे. कनेक्टिकटमधील न्यू लंडन शहरात एका उमेदवाराला बुद्धिचाचणीत जास्त गुण मिळाले म्हणून पोलीस दलात घेतले नाही. हुशार माणूस ह्या कामाला कंटाळून सोडून जातो, असे कारण शहराने दिले. २००० साली वरिष्ठ न्यायालयानेही ते ग्राह्य धरले!

त्याहून मूलभूत आक्षेप वेगळा आहे. दुष्टपणा माणूस घरून घेऊन येतो की खाते त्याला तो शिकवते? न्यूयॉर्क पोलिसांत वीस वर्षांहून अधिक नोकरी करून समाजशास्त्रज्ञ झालेल्या आर्थर नीडरहॉफरने १९६७ साली ह्याचा शोध घेतला. दमनकारी वृत्तीची माणसे वेचून पोलिसांत येतात असे त्याला आढळले नाही. ती वृत्ती नोकरीत घडते असा त्याचा निष्कर्ष होता. मिनेसोटा विद्यापीठ ज्या मिनियापोलिस शहरात आहे तेथेच २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर डेरेक शॉव्हिनने गुडघा रोवला. त्या राज्यात पोलीस उमेदवाराची मानसिक तपासणी नियमाने सक्तीची आहे. शॉव्हिनची नोकरी १९ वर्षांची होती आणि त्याच्यावर डझनाहून अधिक तक्रारी होत्या. बरोबरच्या तिघांपैकी दोघे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात होते, त्यांतला एक काळा होता. त्यांतल्या दुसऱ्याने ‘ह्याला कुशीवर वळवू या का’ असे विचारले. शॉव्हिनने नकार दिला आणि ते ऐकले गेले. नव्या पोरात विवेक शिल्लक होता. वरिष्ठाच्या एका शब्दापुढे तो टिकला नाही. कोणती चाचणी हे मोजणार? ती दारातून आत येणाऱ्याला तपासते. तो ज्या घरात शिरतो त्या घराला तपासत नाही.

आता आपल्याकडे वळू. ब्रिटिश सरकारनेही माणसांच्या स्वभावाची वर्गवारी केली होती. फक्त त्यासाठी प्रश्नपत्रिका लागत नव्हती, जन्म पुरत होता. काही जमाती ‘लढाऊ’ ठरल्या, आणि त्याच सिद्धान्ताच्या आधारे महारांची सैन्यभरती बंद झाली. १८७१ च्या कायद्याने काही जमाती ‘गुन्हेगार’ ठरल्या. तो शिक्का कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडले आणि पोलिसांच्या मनातून तो अजून पुसलेला नाही. सैन्यात, आरमारात आणि पोलिसांत प्रवेशाचा हक्क ही बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे मांडलेली मागणी होती, हे येथे आठवले पाहिजे. दंडुका ज्याच्या हातात, त्याची जात कोणती हा प्रश्न त्यांनी क्षुल्लक मानला नाही.

आज महाराष्ट्रात शिपाईभरतीला शारीरिक चाचणीचे ५० आणि लेखीचे १०० गुण आहेत, मुलाखत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे गोळा फेकणारी, १६०० मीटर धावणारी पोरे शेतमजुरांची आहेत. घड्याळ आणि टेप त्यांची जात विचारीत नाहीत. पण वरच्या पायरीवर, जेथून भारतीय पोलीस सेवेचे अधिकारी निवडले जातात, तेथे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीचे अधिकृत नावच ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ आहे : २०२५ पैकी २७५ गुण. तोंडी परीक्षेला फार वजन दिले की मनमानीला वाव मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने अजय हसिया (१९८१) आणि अशोककुमार यादव (१९८५) ह्या खटल्यांत सांगितले आहे. मुलाखतीतल्या ‘व्यक्तिमत्त्वा’चा अर्थ मला ठाऊक आहे. अध्यापकाच्या नोकरीसाठी मी एका मंडळापुढे बसलो तेव्हा माझ्या प्रबंधावर एक प्रश्न आला आणि माझ्या ‘ण’ आणि ‘न’वर तीन. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हता. त्या खोलीत माझे व्यक्तिमत्त्व म्हणजे माझे उच्चार होते.

म्हणून कागदावरची, नाव-आडनाव झाकलेली चाचणी अशा मुलाखतीपेक्षा बरी, असे कोणी म्हटले तर मी ते झटकून टाकणार नाही. माझी हरकत तिच्यावर टाकलेल्या भरवशाला आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. सत्र न्यायालयाचा निकाल यायला २००९ साल उजाडले. त्या बंदुकांमागे दहा-वीस विकृत मने होती असे मानणे सोयीचे आहे. तसे मानले की वस्तीकडे पाहण्याची खात्याची नजर, हुकमाची साखळी आणि बारा वर्षांचा विलंब, सगळे निर्दोष सुटते.

चाचणी आणायचीच असेल तर आमच्या अटी स्पष्ट असाव्यात. तिचे मानदंड येथल्या वाड्या-वस्त्या-तांड्यांतील माणसांना धरून ठरवा. कोणत्या समाजाचे किती उमेदवार तिने गाळले ते दरवर्षी जाहीर करा. गाळलेल्याला कारण सांगा आणि दाद मागू द्या. आणि उमेदवाराची एकदा चाचणी घेऊन थांबू नका. नोकरीतल्या माणसाची दरवर्षी घ्या, त्याच्यावरच्या तक्रारी, त्याने नोंदवलेले आणि न नोंदवलेले गुन्हे पुढे ठेवून. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला, महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात त्यांची तरतूद केली. त्या प्राधिकरणाचे दार वस्तीतल्या किती माणसांना माहीत आहे?

पोलिसाचे मन निकोप आहे की नाही हे विचारण्याचा अधिकार ज्याने त्याचा मार खाल्ला त्याला सर्वांत आधी आहे. साडेपाचशे विधानांत त्याचे एकही विधान नाही.